अर्धा कोयता

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, बायको त्यातच आली. कस्तुरा अठरा हंगाम अशीच राबली. मग बीडकडं पाऊस दोन वर्षं दडी मारून बसला आणि जिथं ते तोडीला जायचे, तिथं पुरानं उभा ऊस कुजवला. कारखाना दीड महिन्यात बंद पडला, मुकादमानं हात वर केले. तिचा नवरा कोंडीराम तिला घेऊन चाकणला कंपनीत काम शोधायला आला. तो एकटाच कशाला, निम्मा तालुका आला होता!

त्यामुळं सकाळी सातलाच कंपनीच्या गेटवर ही झुंबड. माणसं उदंड झाली की ठेकेदाराला भाव चढतो, ही जगाची रीतच आहे. ठेकेदाराचा माणूस गणराज खुर्ची टाकून बसला होता. कोंडीरामनं आपलं एकट्याचं आधार कार्ड पुढं केलं.

"लिवा, एक कोयता."

"म्हणजे?"

"मी आन् ही. दोघं मिळून एक."

"काका, इथं माणशी धरतात. आणि पुरुष तिशीच्या आतले, तुम्ही बेचाळीसचे. मला गाडीच्या वायरी जोडायला बाया पाहिजेत. ताई, तुमचं कार्ड?"

"तिला काय इचारता? आमची फोड होत न्हाई. घ्यायचं तर दोघांला घ्या, न्हाईतर चाललो आमी."

मुकादमापुढं हा डाव दरवर्षी चालायचा. इथं मागं दोनशे माणसं उभी होती.

"बरं. पुढचे या," गणराज म्हणाला.

कस्तुरानं पिशवी पुढं ओढली. चार दिवस दोघांनी गेटं पालथी घातली होती. आज जमलं नाही तर गावी परत जायचं ठरलं होतं. परत जाऊन करायचं काय, ते मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. रेशनला लागतं म्हणून तिचं कार्ड पिशवीत असायचंच. तिनं ते गणराजपुढं ठेवलं.

"अनुभव?"

"अठरा वर्सं ऊस तोडलाय. मोळी बांधून डोक्यावरनं ट्रकात मीच चढवायची. वायर काय उसापरीस जड असंल व्हय?"

गणराजनं नाव विचारलं. आपलं सांगून ती सवयीनं नवऱ्याचंही सांगायला लागली.

"नुसतं तुमचं," तो म्हणाला.

तिला लाजही वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

गेटपास हातात पडला. कोंडीराम चिडेल असं तिला वाटलं होतं, पण तो जागीच उभा राहिला. उसाच्या फडात न दमणाऱ्या त्या गड्याला हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

तिला जवळ जाऊन धीर द्यावा असं फार वाटलं, पण आत शिफ्टची बेल झाली होती.

"खोलीवर जावा," ती म्हणाली. "नऊला नळाला पाणी येतं. हंडे भरून ठिवा."