दसऱ्याचा मुहूर्त

हडपसरचे मच्छिंद्रशेठ दोन वर्षं रोज शोरूममध्ये फोन करून विचारायचे, "अहो, माझी गाडी कधी येणार?" त्या लाल स्पोर्ट्स कारसाठी रांग लांबलचक आणि सगळ्यांची बोलणी खायला सेल्समन मी एकटा.

शेवटी गाडी आली, ती ऐन पितृपक्षात. शेठ म्हणाले, "आत्ता नको. दसऱ्याला नेतो." तोवर गाडी थांबणार नाही, असं मी बजावलं. रांगेतल्या पुढच्या इंजिनिअरने ती त्याच संध्याकाळी नेली.

दसऱ्याला शेठ हार, पेढे आणि आईला घेऊन हजर. माझ्यावर यथेच्छ ओरडले. मग मुहूर्त वाया जायला नको म्हणून तीच गाडी पुन्हा बुक करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "अहो, माझी गाडी कधी येणार?"

मी म्हणालो, "पितृपक्षात."