बाटलीवरची जुनी पट्टी

आमच्या हिंदुराव वकिलांना बारामतीत सगळे 'कंपाउंडर वकील' म्हणत. वकिलीची परीक्षा देण्याआधी सात वर्षं त्यांनी दवाखान्यात औषधं तयार केली होती. बाररूममध्ये इतर वकील त्यांच्याकडे मुद्दाम खोकल्याचं औषध मागत. ते हसत; मी, त्यांचा कारकून आबाजी, मनातल्या मनात जळत असे.

छत्तीस साली इंदापूरला मॅजिस्ट्रेटसमोर कुशाबाईची चौकशी लागली. जुलाबाने आजारी असलेल्या सासऱ्याला, म्हणजे रावजींना, तिने औषधात अफू कालवून पाजली, असं नणंद फुलाबाईचं म्हणणं होतं. रावजी दोन दिवस बेशुद्ध होते, नशिबाने वाचले. बाटलीतलं उरलेलं औषध तपासणीला गेलं, त्यात अफू निघाली आणि फौजदार खूश झाला. कुशाबाई विधवा. खटला उभा राहिला तर तुरुंग, आणि सुटली तरी त्या घराचं दार उघडेल की नाही, कोण जाणे.

"सायेब, म्या खाचंपातुर दिलं," ती वकिलांना म्हणाली. "एक खाच, एक डोस. सासूबाईंना बी तसंच द्यायचे."

वाचता न येणाऱ्यांसाठी बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. वकील एकदम उठले.

"बाटली घरचीच होती?"

"व्हय, सासूबाईंच्या औषधाचीच. दवाखान्यात घरचीच न्यावी लागती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टात मापाचा ग्लास मागवला. बाटली पाण्याने भरली आणि एका खाचेचं पाणी ग्लासात ओतलं. दोन औंस. दवाखान्याच्या वहीत रावजींचा डोस होता एक औंस, आणि जुलाब थांबवायच्या त्या औषधात अफूचा अर्क मुळातच होता.

"साहेब, बाटलीत उरलेल्या औषधात दर औंसाला जेवढी अफू सापडली, तेवढीच वहीत लिहिली आहे," वकील म्हणाले. "वरून कोणी थेंबही घातलेला नाही. प्रत्येक वेळी दुप्पट औषध पोटात गेलं, एवढंच."

मग कंपाउंडर म्हस्कूला बोलावलं. पोरसवदा नव्हता, चांगला चाळिशीचा.

"पट्टी कुणी लावली?"

"पट्टी आदीच हुती," तो म्हणाला. "लई गर्दी हुती, सायेब. मी नवी लावलीच न्हाय. जुन्या खाचा कशाच्या, ते बगितलं न्हाय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजीच चूक हाय."

मला त्याची चीड आली होती, खरं सांगतो. पण वकिलांनी हळूच पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. नोकरीची भीती असताना खरं बोलणं सोपं नसतं.

कुशाबाईला मॅजिस्ट्रेट साहेबांनी तिथेच सोडून दिलं. शिवाय दर वेळी जुनी पट्टी खरवडून नवी लावावी, असं दवाखान्याला लिहिलं. त्यानंतर बारामतीत कोणी खोकल्याचं औषध मागितलं नाही. उलट दोन वकील गुपचूप सल्ला विचारून गेले.

पण कोर्टाच्या पायरीवर कुशाबाई उभीच राहिली. सुटली होती, पण जायचं कुठे? माझा तर जीव तुटत होता. तेवढ्यात काठी टेकत रावजी आले, मागे फुलाबाई.

"पोरी, घरी चल," ते म्हणाले. "पोटात अजून मुरडा हाय. औषध द्यायला कोण हाय?"

"बाबा, मी देते की," फुलाबाई म्हणाली.

"तू ऱ्हाऊ दे," रावजी म्हणाले आणि काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात कुशाबाईच्या खांद्यावर टेकवला.