खोल वाटी

शनिवारी संध्याकाळी अण्णा, माझे वडील, अंबडच्या कारखान्यातून आले तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीत पितळेचा नवा माउथपीस होता. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत कंपनीतल्या लेथवर त्यांनी तो कातला होता. चहासुद्धा न घेता त्यांनी दार-खिडक्या लावल्या, कारण शेजारी कुरकुरत. पंखा बंद केला, कारण पंख्याखाली सूर हलतो असं त्यांचं ठाम मत. मग ट्युबा, बँडमधला तो खर्जाचा अवाढव्य बाजा, मांडीवर घेतला. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत ट्युबा बाहेर निघाला की मला बसायला पलंगाचा कोपरा उरे. एप्रिल होता. रोजचंच होतं.

जुना माउथपीस कुठल्यातरी लहान वाद्याचा. त्याचा दांडा बारीक, म्हणून बँडवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्यावर दोरा गुंडाळून तो नळीत बसवलेला. कडेनं हवा सुटायची, आवाज पोकळ यायचा. वीस वर्षं अण्णांनी लग्नाच्या वरातींत तोच फुंकला. नवा मात्र नळीत असा बसला की दोऱ्याचं कामच उरलं नाही. खालचे सूर भिंतीतून आल्यासारखे आले. अण्णा माझ्याकडे बघून हसले.

कारखान्यातल्या खडखडाटानं त्यांचे कान अधू झाले होते. वरचे सूर त्यांना नीट कळत नसत. त्यासाठी मी. सूर किती चढला, किती उतरला हे सुईनं दाखवणारं ॲप त्यांनी माझ्या मोबाईलवर घ्यायला लावलं होतं.

"वरचे बघ," ते म्हणाले. "ओठ टेकतात ती वाटी जरा खोल झाल्यासारखी वाटते. सूर उतरत असतील तर सोमवारी कडेवरनं अर्धा मिलिमीटर घेतो, म्हणजे वाटी उथळ होईल. पण आधी नक्की सांग. घेतलेलं पितळ परत चढवता येत नाही."

त्यांनी वरचे तीन सूर धरले. तिन्ही वेळा सुई डावीकडे, उतरत्या बाजूला गेली.

माझ्या मांडीवर पुस्तक पालथं पडलं होतं. पाठीवरून घाम ओघळत होता. उतरतंय म्हटलं तर सोमवारी परत बंद दार, मंगळवारी परत.

"बरोबर आहे, अण्णा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी समाधानानं खिडकी उघडली आणि थंड झालेला चहा बशीत ओतून प्यायला घेतला.

रविवारी गंगापूर रोडच्या वरातीतून ते परत आले नाहीत. हार्ट अटॅक, असं दवाखान्यात सांगितलं.

मग दहा दिवस मी त्याच खोलीत बसून होते. बाहेर जायचं नव्हतं, आणि जायचं तरी कुठे होतं? कुणीतरी ट्युबा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. येणारी प्रत्येक बाई माझा हात धरून म्हणे, तुझ्यावर फार भिस्त होती गं त्यांची. मी मान हलवत असे. रोज वाटे, आज सांगावं. मग दुसरी कुणी आत येई आणि तेच म्हणे.

दहाव्या दिवशी बँडचे मास्टर आले. बहिरू मास्टर पेठ तालुक्यातले, क्लॅरिनेट वाजवतात. घोंगडीवर बसा म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसले. टोपी काढली आणि कुणी विचारलं नसताना सांगू लागले. त्या वरातीत दुसऱ्या गाण्यालाच अण्णांचा बाजा सूर खाली ओढायला लागला होता. त्यांनी गाणं थांबवलं आणि सगळ्यांदेखत अण्णांना विचारलं, धनराज, कारखान्यातला नट लावून आणला काय? पोरं हसली. अण्णा चिडले नाहीत. माझ्या योगिनीनं मोबाईलवर बघितलंय, तूच तुझे कान तपासून घे, एवढंच म्हणाले. ट्युबा उतरवला आणि दुभाजकावर जाऊन बसले. मास्टरांना वाटलं, रुसला. त्यांनी दोन गाणी तशीच वाजवून घेतली. मग कुणीतरी पाणी घेऊन गेलं, तर अण्णा आडवे पडलेले.

"तो खरं सांगत व्हता आन् मी त्याचं हसं केलं," मास्टर म्हणाले. "मोबाईल काय खोटं बोलत नाय. माझेच कान गेले. पोरांना सांगून टाकलंय, आता मी वाजवायचा नाय. गावाकडं जातो."

आत्या म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, त्यांची वेळच आली होती. मास्टरांनी ऐकलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. मीही तेच म्हटलं असतं तर ते उठून गेले असते, आणि पेठला बसून उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत राहिले असते. सुई माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"मास्टर, तुमचे कान ठीक आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "वाटी खोलच होती. सूर उतरत होते. मला दिसलं होतं. अण्णांनी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा खोटं बोलले. त्यांनी वाजवायचं थांबवावं, एवढंच मला हवं होतं."