बारा पिशव्या टीसीएल

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या सकाळी मात्र रागालाही यायला थोडा वेळ लागला, कारण समोरचं दृश्य फारच देखणं होतं.

पालघर आणि बोईसरच्या मधल्या आमच्या मोहघर नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्रात मी केमिस्ट आहे. नऊ वाजता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकारी तपासणीला येणार होत्या आणि त्यांच्या अहवालावर आमची परवानगी पुढे चालू राहायची की नाही ते ठरणार होतं. म्हणून मी साडेसहालाच पोचले. शेवटच्या टाकीत डोकावले तर तळाचं सिमेंट दिसत होतं. कठड्याशी नागोरावकाका उभे. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे, चेहऱ्यावर मुलीचं लग्न जमवल्याचा आनंद.

"बघा मॅडम, काचेवानी झालं का नाही?"

तेवढ्यात तो वास नाकात शिरला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"काका, टीसीएल? किती टाकलीत?"

"बाराच पिशव्या. सहा हितं, सहा त्या हवेच्या टाकीत. लई घाण दिसत व्हती ती. साहेब लोकांसमोर बरं दिसंना."

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. नागोरावकाका मूळचे परभणीकडचे. सव्वीस वर्षं त्यांनी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात काढली होती, आमच्याकडे बदलून येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पाणीपुरवठ्यात टीसीएल म्हणजे देव. नळाला गढूळ आलं, टाका टीसीएल. पाड्यावर जुलाब सुरू झाले, टाका टीसीएल. एका साथीत काकांनी तीन दिवस विहिरीवर बसून अख्खी वस्ती वाचवली होती. आमचा धंदा नेमका उलटा. हवेच्या टाकीतला तो तपकिरी गाळ म्हणजे जिवंत जंतू. आपण हवा फुंकायची, त्यांनी गावाची घाण खायची, मग तळाला बसायचं. वरचं निवळलेलं पाणी चिमूटभर क्लोरीन देऊन सोडायचं. काकांनी सगळे कामगार एका पहाटेत मारून टाकले होते. आणि ते काचेसारखं पाणी आता निव्वळ विष होतं.

बोंब मारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आदल्या दिवशी निघताना मीच म्हणाले होते, "काका, उद्या पाणी काचेसारखं दिसलं पाहिजे. काय वाटेल ते करा!"

क्लोरीन पाहायची ओटीची बाटली काढली. थेंब टाकले की पाणी फिकट पिवळं व्हावं. ते नारिंगी झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"कधी टाकलीत?"

"साडेपाचला."

म्हणजे तासभर हे पाणी नाल्यातून वाहत होतं. नाला तीन किलोमीटरवर खारबांधाला जातो. बांधाला उघाडी आहे, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला त्यातून नाल्याचं पाणी वाकडी खाडीत उतरतं. नाल्याला तिथवर पोचायला दोनेक तास लागतात. त्या दिवशी तृतीया होती. आठच्या सुमाराला ओहोटी पुरती लागणार, आणि खाडीकाठच्या पाड्यावरची रखमामावशी आणि तिथल्या बायका शिवल्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला खाडीच्या त्याच चिखलात उतरलेल्या असणार. केंद्र नव्हतं तेव्हा गावाची घाण थेट खाडीत जायची आणि शिवल्या संपल्या होत्या. सहा वर्षं त्या बायकांनी बोईसरला कारखान्यांत झाडू मारला. गेल्या वर्षी पहिल्यांदा चिखलात शिवल्यांचं बी दिसलं, नखाएवढं, आणि ह्या वर्षी त्या काढण्याजोग्या झाल्या होत्या. हे पाणी त्यांच्यावरून गेलं तर एकही शिवली उरणार नव्हती.

मी धावत जाऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवून बंद केलं. गावाचं येणारं पाणी आता पहिल्या टाकीत साठणार होतं. ती तीन तास दम धरते, पुढे नाही.

इतक्यात ठेकेदाराचा इंजिनिअर दिग्विजय आला. सगळं ऐकून त्याने काय म्हणावं?

"मॅडम, मग बंद कशाला केलंत? पाणी स्वच्छ, घाणीचा वास नाही. त्या मंडळाच्या मॅडम नमुना नेतील, आपण पास! मेलेले जंतू काय चुगली करणार आहेत?"

"आणि खाडी?"

"खाडी समुद्राला मिळते. समुद्र मोठा आहे." मग त्याने आवाज खाली आणला. "हे प्रकरण बाहेर गेलं तर पहिला बळी काकांचा. नऊ महिने राहिलेत रिटायर व्हायला. बघा बाबा तुम्ही."

काका एव्हाना पांढरे पडले होते. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्या पिशवीतून ओटीची बाटली त्यांनी स्वतःच उचलली आणि माझ्या स्कूटरवर मागे जाऊन बसले.

"चला मॅडम. पाणी माझ्याम्होरं गेलंय."

रखमामावशीचा फोन लागत नव्हता. लागणार कसा, चिखलात उतरताना बायका फोन डब्यात बंद करून बांधावर ठेवतात. खड्ड्यांतून स्कूटर हाणत आम्ही सात-दहाला बांधावर पोचलो. खाली पंधरा-वीस बायका वाकलेल्या, कमरेला टोपल्या. उघाडी सताड उघडी आणि पाणी खळाळत खाडीत चाललेलं.

"रखमामावशी! उघाडी बंद करायची आहे, फळ्या टाका!"

ती वर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "काय गो बाय, सकाली सकाली? तृतीयेचा निखार हाय, मोठी ओहटी, पंधरा दिसांतून येते. उघाडी कशाला बंद?"

"केंद्रातून विषारी पाणी आलंय."

तिने नाल्याकडे पाहिलं. "पानी तं निवल दिसतंय. उलट आज बरा दिसतंय."

"म्हणूनच वाईट आहे ते."

"हां. काला होता तवा तुमचे साहेब म्हनायचे काय नाय, काय नाय. आता निवल हाय तं तू म्हनतेस वाईट." ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "कुनाचा ऐकायचा आमी?"

तिचं खोटं काहीच नव्हतं. काका उतारावरून खाली गेले, उघाडीच्या तोंडाशी बाटली भरली, थेंब टाकले आणि बाटली तिच्या हातात दिली. पाणी पिवळं झालं, मग गडद पिवळं, मग कडेने नारिंगी.

"ही पावडर मी टाकली बाई," काका म्हणाले. "चांगलं करायला गेलो. हे तर नुसतं तोंड आलंय, मोठं पाणी मागं हाय."

रखमामावशीने बाटली उन्हात धरून पाहिली, मग काकांकडे पाहिलं, आणि एकदम खाली वळून ओरडली, "मंगळे! सगल्यांना वर काढ! फल्या आन!"

फळ्या बांधावरच पडलेल्या होत्या. पहिल्या दोन खाचेत सरळ बसल्या. तिसरी अर्ध्यात अडकली. पाणी वरून उसळत होतं आणि मोठं पाणी केव्हाही येणार होतं. काकांनी चपला काढल्या आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या नाल्यात उतरले. मी ओरडले, "काका, कातडी जळेल!" त्यांनी ऐकलं नाही. खाचेतला चिखल बोटांनी उकरायला लागले. वरून मंगळी आणि मी फळीवर दगड मारत होतो. एकदाची फळी खाली गेली, मग चौथी, आणि खाडीकडची धार बारीक होत थांबली.

पुढच्या बाटलीला लाल रंग चढला. ते पाणी फळ्यांच्या आतल्या, नाल्याकडच्या बाजूचं होतं. मी बांधावर बसले आणि चक्क रडले.

पावणेनऊला दिग्विजयचा फोन आला. मंडळाच्या मॅडम लवकर आल्या आहेत, चाक बंद पाहून विचारत आहेत, पंप नादुरुस्त आहे असं सांगू का? मी म्हटलं, "त्यांना इकडे घेऊन ये. आणि कोळंबीच्या तळ्यांवर क्लोरीन मारायचं औषध असतं, मिळेल तेवढं केंद्रावर आणायला सांग. पहिली टाकी भरत आली असेल." तो म्हणाला, "माणूस पाठवतो."

मंडळाच्या समिधा मॅडम बांधावर आल्या, दोन्ही बाजूंचं पाणी बाटल्यांत भरलं, चिठ्ठ्या लावल्या आणि वही उघडली.

"पावडर कोणाच्या सांगण्यावरून टाकली?"

"कुणाच्या नाही," काका म्हणाले. त्यांचे पाय मांडीपर्यंत लालबुंद झाले होते. "माझ्याच डोक्यानं."

इथे गप्प बसता आलं असतं. क्षणभर मी बसलेही, खोटं कशाला बोलू? मग म्हणाले, "मी सांगितलं होतं. पाणी काचेसारखं दिसलं पाहिजे, काय वाटेल ते करा, असं. माझं नाव आधी लिहा."

त्यांनी दोन्ही नावं लिहिली. पुढे काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

भरतीचं पाणी परत चढायला लागलं होतं. रखमामावशी उघाडीच्या बाहेर उतरली, जिथे ते पहिलं पाणी पडलं होतं तिथे, आणि हाताने चिखल उपसून शिवल्या वर घेऊन आली. सगळ्या शिवल्यांच्या तोंडाला फट होती.

"जित्या शिवलीला बोट लावला का ती मिटते," ती म्हणाली आणि एकेकीला नखाने टिचकी मारत गेली. एक मिटली. दुसरी मिटली. तिसरी उघडीच राहिली, चौथीही.

"हे पन लिवा मॅडम," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "तिकडं लांब जित्या हायेत. उघाडीपाशी मेल्या. किती मेल्या ते उद्या पानी उतरल्यावर मोजून सांगते."

समिधा मॅडम लिहीत होत्या. रखमामावशीने न मिटलेल्या शिवल्यांतली एक काकांच्या हातावर ठेवली आणि बायकांना घेऊन पाड्याकडे निघाली. टोपल्या रिकाम्याच होत्या.

मी स्कूटर चालू केली, हाका मारल्या. नागोरावकाका बांधावर तसेच बसून त्या शिवलीला पुन्हा पुन्हा बोट लावत होते.