शिट्टीनंतरची शांतता

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या शेडमध्ये टर्की पक्ष्यांची सतरा पिलं मेलेली सापडली. पिलं तीन आठवड्यांची. राखणदाराने ती बादलीत भरली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बायको गेल्यापासून तो शेडला लागून असलेल्या खोलीत एकटाच राहत होता. रविवारी लेकीचा फोन यायचा. "बाबा, तीनदा विचारलं, जेवलात का?" ती वैतागायची. तो फोनला नावं ठेवायचा. एरवी बोलायला दोन हजार पिलं होती.

त्याच्या कामाची एक रीत होती. रोज सकाळी दारात उभं राहून शिट्टी मारायची. पिलं क्षणभर चिडीचूप होतात. तेवढ्यात कान द्यायचा: कुणी शिंकतंय का, कुणाची छाती घरघरतेय का. मग दारामागच्या कागदावर लिहायचं, 'आवाज स्वच्छ'. गेले पाच दिवस तेच लिहिलेलं होतं.

डॉक्टरीणबाई बूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत आल्या. त्याने शिट्टी मारली.

"शिस्त बघा! लेकीनं माझं कधी इतकं ऐकलं नाही."

त्या हसल्या नाहीत. "काका, अख्खी शेड शिंकतेय."

त्यांनी एक पिलू उचललं. डोळ्यांत फेस, नाक ओलं, चोच उघडी. "श्वासनलिकेत जंतुसंसर्ग दिसतोय. कोणता, ते तपासणीत कळेल. सुरुवात कधी झाली? शेजारच्या शेडचं काय करायचं, ते त्यावरून ठरवायचंय."

'आजच' म्हटलं असतं तर निभावलं असतं. खरं सांगितलं तर काम जाणार, खोली जाणार.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कान गेलेत माझे. बोललेलं कळतं, बारीक आवाज नाही. शिट्टीनंतर शांत वाटायचं, म्हणून स्वच्छ लिहायचो."

"घरी ठाऊक आहे?"

"लेकीला वाटतं, फोन खराब आहे."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या फॉर्मवर 'पहिली लक्षणे' यापुढे लिहिलं: तारीख अज्ञात.

दुपारपर्यंत आणखी नऊ पिलं मेली. नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत, अहवाल गुरुवारी येईल. तोवर राखणदाराने आवार सोडायचं नाही. मालक म्हणाला, दुसरा माणूस बघतो. तो माणूस कधी येणार, हे संध्याकाळी पाचपर्यंत कळलेलं नव्हतं.