छत्तीस सेंटीमीटर

दुपारी एक वाजून एक मिनिटाला, जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये आपल्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये मीटरभर काठीची सावली एकशे एकोणपन्नास सेंटीमीटर भरली. कुहूने आकडा वहीत लिहिला. सांगलीचा आकडा सकाळीच आला होता: छत्तीस. आजोबांनी गच्चीवर, त्यांच्या मध्यान्हीला मोजलेला.

मंगळवारी सातवीच्या वर्गात तिचं रेफेराट, म्हणजे वर्गापुढचं भाषण होतं, एराटोस्थेनिसवर. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख बावीसशे वर्षांपूर्वी दोन गावांतल्या उन्हाचा कोन आणि मधलं अंतर, एवढ्यावर पृथ्वीचा घेर सांगून मोकळा झाला होता. कुहूला तेच करायचं होतं. एक गाव आपलं, एक आजोबांचं.

तिच्या बाबांनी, श्रीधरने, घरी येऊन गणित केलं. घेर आला पस्तीस हजार किलोमीटर. यायला हवा होता चाळीस.

"ओपा चुकले?" कुहूने आजोबांबद्दल जर्मनमध्ये विचारलं.

"अण्णा चुकत नाहीत," तो म्हणाला.

अण्णा, म्हणजे श्रीधरचे वडील पंढरीनाथ, तेहतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्टर होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तरी अख्खा लॉट परत पाठवत. तो माणूस सावली मोजताना चुकेल?

घेर कमी आला, म्हणजे सांगलीची सावली खऱ्यापेक्षा आखूड भरली होती. श्रीधरने एकेक शक्यता खोडायला घेतली. घड्याळ? नाही. मध्यान्हीची सावली दिवसातली सगळ्यात आखूड; वेळ चुकली तर आकडा वाढेल, घटणार नाही. काठी कलली? शेजारी दोरीला ओळंबा लोंबत होता, काठी त्याच्याशी सरळ, अण्णांनीच पाठवलेल्या फोटोत दिसत होता.

कुहूने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. "पापा, शाउ माल, हे बघ."

खडूची रेघ सावलीच्या टोकावर नव्हतीच. सावली रेघ ओलांडून पुढे गेली होती. टेपवरचा पंचेचाळीसचा आकडा तेराव्या वर्षाच्या डोळ्यांना सहज वाचता येत होता.

फोटो अण्णांनी पुरावा म्हणून पाठवला होता.

टेबलावर कुहूच्या रेफेराटचं शेवटचं पान उघडं होतं. म्हातारपणी एराटोस्थेनिसची दृष्टी गेली, वाचता येईना, म्हणून त्याने अन्न सोडलं असं सांगतात. श्रीधरने पान पालथं घातलं. आई गेल्यापासून अण्णा एकटे. दर गुरुवारी स्कूटरवरून मिरजेला बहिणीकडे, भर हमरस्त्याने.

त्याने फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुहू त्याच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली.

"काय रे, आग लागलीय का?" अण्णा फोनवर आले. "भाजीला गेलो होतो."

"कशाने?"

"विमानाने. स्कूटरने, आणखी कशाने!"

"अण्णा, तुमची रेघ सावलीच्या नऊ सेंटीमीटर अलीकडे आहे."

"तुझ्या फोनमध्ये वाकडं दिसत असेल."

"फोन तुमचा आहे."

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"टोकाला सावली फिकी होते रे," अण्णा म्हणाले. "फरशीत मिसळून जाते."

"कधीपासून?"

श्रीधरने कुहूकडे पाहिलं. तिने फोन ओढून घेतला आणि तुटक मराठीत विचारलं, "आजोबा, गाडी पण फिकी दिसते?"

"लांबची," अण्णा म्हणाले. "डाव्या डोळ्याला. दिवाळी झाली की दाखवणार होतो." मग त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "चूक केवढी पडली?"

"पाच हजार किलोमीटर," श्रीधर म्हणाला.

"पाच हजार? असा इन्स्पेक्टर मी एक दिवस ठेवला नसता."

"अण्णा, उद्या डॉक्टर. मी इथून वेळ घेतो. आणि स्कूटर..."

"कळलं. चावी विलासकडे देतो. तोच नेईल मला." विलास शेजारचा. "कुहू, तू काय लिहिणार?"

"पंचेचाळीस. फोटोतून."

"लिही. पण छत्तीस खोडू नकोस. रिजेक्ट झालेला आकडासुद्धा रजिस्टरला राहतो. पुढे रिजेक्ट लिही आणि माझं नाव घाल."

कुहूने तसं लिहिलं. श्रीधरने फोन चालूच ठेवला. पलीकडे जिना उतरताना अण्णांची चप्पल प्रत्येक पायरी चाचपत असल्याचं ऐकू येत होतं. पायऱ्या तो मोजत राहिला. मग दारावर थाप ऐकू आली आणि अण्णा म्हणाले, "विलास, ही घे."