भिंतीकडे तोंड केलेला स्पीकर

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. केस कापायच्या दुकानात, आरशावरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या जाळीत इतक्या वर्षांचे केस अडकले होते, की मलाच एकदा कात्री लावायला हवी होती.

दुकान उघडलं त्या दिवसापासून मी इथे आहे. मालकांचा हात गाण्याच्या ठेक्यावर चालतो. संथ गाणं लागलं की कटिंग लांबते, जलद लागलं की गिऱ्हाईक कान सांभाळून बसतं. इथे वेळ कसा जातो कळत नाही, असं लोक म्हणत आणि मालक खूश होत. मला मात्र कोणी साधं फडकंही मारत नसे.

एक दिवस संगीताचे परवाने तपासणाऱ्या बाई आल्या.

"दुकानात गाणी वाजवायला परवाना लागतो," त्या म्हणाल्या.

"अहो, कॅसेट रोख विकत घेतलीय मी!"

"ती घरी ऐकायला. इथे ती तुमच्या धंद्याला हातभार लावते. मग ज्यांनी गाणं केलं, त्यांचा वाटा नको? मी पुन्हा येईन."

मालक पडले हिकमती. बाईंची पाठ वळताच त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "आता मी एकटाच ऐकतोय. लोकांच्या कानावर पडतं, त्याला मी काय करू? आणि तरी बाईंनी कटकट केली, तर हा डबाच भंगारात देतो."

ते ऐकून माझं धाबं दणाणलं.

तेवढ्यात टकटक आजोबा दाढीला आले. गाणं लागलं की ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत आणि मालक दर वेळी ओरडत, "आजोबा, हात आवरा, वस्तरा आहे!" त्या दिवशी मात्र आजोबांनी कानामागे हात धरला.

"आज माझे ड्रम नीट ऐकू येत नाहीत."

"तुमचे?"

"या गाण्यात मीच वाजवलेत. हा तुकडा ऐका." त्यांची बोटं आणि माझा दबलेला आवाज अगदी बरोबर जुळले. मग ते हसले. "दुकानांच्या परवान्यांतून मला अजून थोडंथोडं मिळतं. त्यातूनच तर तुमच्याकडे दाढी करणं परवडतं."

मालकांच्या हातातला ब्रश तिथेच थांबला. त्यांनी गुपचूप मला बंद केलं, दाढी पुरी केली आणि लगेच परवाना काढायला गेले. तो येईपर्यंत दुकानात नुसती कात्री ऐकू येत होती. मला फार करमेना.

परवाना आरशाशेजारी लागला, तेव्हा मालकांनी मला सरळ केलं आणि दाढीच्या कोऱ्या ब्रशने माझी जाळी स्वच्छ झाडली. मी खूप सुखावलो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ पुसत जा. आणि त्याच्या आत माणसं वाजवत असतात, गात असतात, त्यांचीही आठवण ठेवा.

आजोबा अजून येतात. तो तुकडा आला की मालक वस्तरा वर उचलून धरतात आणि म्हणतात, "वाजवा आजोबा, मी थांबतो."